प्रमाणपत्रावरचे ११८ गुण आणि शाळेतली मधली सुट्टी: ऑटिझम असलेल्या एका मुलीच्या कार्यक्षमतेचं मूल्यमापन

पार्श्वभूमी

सायली आठ वर्षांची. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात ती आई, बाबा आणि आजीबरोबर राहते. गावातल्याच सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. बाबा पूर्वी खाणीवर टिपर चालवायचे. मार्च २०१८मध्ये खाणी थांबल्यापासून ते औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीनं काम करतात. आई काजूच्या कारखान्यात जाते. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत सायली आजीजवळ असते. आईबाबा तिच्याशी मराठीत बोलतात, आजी कोकणीत.

साडेचार वर्षांची असताना ऑटिझमचं निदान झालं. त्याआधी श्रवणचाचणी झाली होती आणि ऐकू येण्यात दोष नव्हता. पुढे दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी ‘आयसा’ ही भारतीय मोजपट्टी लावली गेली. तिच्यात सहा क्षेत्रांतली ४० विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. ७०च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. सायलीला ११८ गुण मिळाले, म्हणजे मध्यम, आणि प्रमाणपत्रावर ७० टक्के दिव्यांगत्व. सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत तिचं सामाजिक वय चार वर्षांच्या आसपास आलं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तींचं ओळखपत्र, निघालं. ‘निरामय’ विमाही उतरवला. ऑटिझम असलेल्या मुलांना त्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि थेरपीचा काही खर्च त्यातून भागतो.

आठवड्यातून दोनदा आई तिला म्हापशाच्या बाजूला थेरपीला न्यायची. बस बदलावी लागते, आणि त्या दिवशी आईची अर्धी हजेरी जाते. हा हिशेब पुढच्या प्रत्येक निर्णयात होता.

अडचण

जुलैमध्ये शाळेनं आईला बोलावून घेतलं. तक्रारी दोन होत्या: मधल्या सुट्टीत सायली पळून जाते, आणि जवळजवळ रोज कपडे ओले करते. वर्गात तिच्यासाठी वेगळी मदतनीस नाही, तेव्हा विशेष शाळेचा विचार करावा, असं सुचवलं गेलं. वर्गशिक्षिका बाई तिच्यावर रागावलेल्या नव्हत्या. एका हातानं पंचवीस मुलं आणि दुसऱ्या हातानं सायली, हे त्यांना जमत नव्हतं.

घरच्यांचं मागणं वेगळंच होतं. बाबा म्हणाले, “ती बोलायला लागली की बाकी सगळं आपोआप होईल. तुम्ही बोलायचं बघा.” आणि आईचं एक वाक्य मी त्याच दिवशी फाईलवर लिहून ठेवलं: “घरी ती संडासला एकटी जाते. शाळेत काय होतं, मला कळत नाही.”

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी. माझ्यासमोरचा प्रश्न तिथेच ठरला. ऑटिझम किती तीव्र आहे याचं उत्तर प्रमाणपत्रावर होतं आणि सवलती मिळण्यासाठी ते हवंच. पण उद्या सकाळी या मुलीला काय शिकवायचं, कुठे शिकवायचं आणि कोणी शिकवायचं, हे ११८ या आकड्यातून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ची वर्गीकरण पद्धत इथे उपयोगी पडते. माणूस एरवी काय करू शकतो आणि त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या परिस्थितीत प्रत्यक्ष काय करतो, या दोन गोष्टी ती वेगळ्या नोंदवते. पुनर्वसनाचं काम बहुतेक वेळा या दोहोंमधल्या अंतरात असतं.

मूल्यमापन कसं केलं

सुरुवात आईशी बोलण्यापासून केली. त्यासाठी ‘सीओपीएम’ ही पद्धत वापरली. कुटुंबाला रोजच्या जगण्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या अडचणी निवडायला सांगतात, आणि आज ती गोष्ट कितपत जमते व त्यावर तुम्ही कितपत समाधानी आहात, याला १ ते १० गुण द्यायला लावतात. आधी सगळे एकत्र बसले तेव्हा यादीत बोलणं, वाचणं, शाळेत टिकणं एवढंच आलं. दुसऱ्यांदा मी आईशी एकटीशी बोलले, तेव्हा तिनं मनातली भीती सांगितली, सायलीची पाळी सुरू होण्याची. “आणखी दोन-तीन वर्षांनी ती शहाणी होईल. तेव्हा कपडे, स्वच्छता हे सगळं कोण बघणार? मी कामावर असणार.” ही गोष्ट किती महत्त्वाची, याला तिनं १० पैकी १० गुण दिले. बाबांसमोर, सासूसमोर हे बोलता येत नव्हतं. मुलगी असेल तर आईशी वेगळं बोलणं मी मूल्यमापनाचाच भाग धरते.

मग वीफिम, म्हणजे मुलाला रोजच्या कामांत किती मदत लागते ते मोजणारी पट्टी. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, चालणं, समजणं, व्यक्त होणं अशा १८ बाबींना १ ते ७ गुण देतात. पूर्ण मदत लागत असेल तर १, पूर्ण स्वतंत्र असेल तर ७. शौचाच्या बाबतीत आईच्या सांगण्याप्रमाणे ६ गुण होत होते, बाईंच्या सांगण्याप्रमाणे १.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. एकीचं खरं मानायचं, की मधला आकडा लिहायचा? अहवालात एकच आकडा असावा अशी सवय असते, आणि साडेतीन लिहून पुढे जाता आलं असतं. पण साडेतीनची सायली कुठेच राहत नव्हती. घरी सहाची होती, शाळेत एकची. दोन्ही आकडे जागेसकट लिहिले आणि फरक कशामुळे आहे ते बघायला शाळेत गेले. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या दोन आकड्यांमधल्या फरकातच होती.

शाळेचं शौचालय इमारतीच्या मागे. छप्पर पत्र्याचं, दारही पत्र्याचंच. जुलैचा पाऊस. तो कोसळत असताना आत उभं राहिलं की मोठ्या माणसालाही स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, आणि दार लावलं की आत अंधार. सायली दारापर्यंत जायची, कानांवर हात ठेवायची आणि मागे फिरायची. पाऊस थांबलेला असताना शाळेच्या मदतनीस बाईंनी तिला नेलं, दार अर्धं उघडं ठेवलं, तर ती आत गेली, बसली, सगळं केलं. कौशल्य होतं, तिथे वापरता येत नव्हतं.

त्याच वेळी दुसरं कारण दिसलं. गणवेशाच्या स्कर्टला कमरेशी हूक होता. घरी ती इलॅस्टिकची चड्डी नाहीतर फ्रॉक घालते. केंद्रावर बटणांच्या पाटीवर ती मोठी बटणं सफाईनं लावते, म्हणून जुन्या अहवालात ‘बटण लावते’ असं लिहिलेलं. पण घाईच्या वेळी, अंधारात, स्वतःच्या कमरेवरचा, न दिसणारा हूक काढणं हे पूर्णपणे वेगळं काम आहे. पाटीवरच्या बटणांवरून मुलाच्या कपडे घालण्याबद्दल निष्कर्ष काढू नये, हे मी नव्या थेरपिस्टांना आग्रहानं सांगते.

पळून जाण्यासाठी बाईंनी दोन आठवडे साधी नोंद ठेवली: कधी पळाली, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर काय झालं. वर्ग सांभाळून त्यांनी हे केलं, त्याचं मोल मोठं आहे. नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. आहाराची पातेली आली, झाकणं आपटली, रांग लागून ढकलाढकली सुरू झाली की ती निघायची. जायची नेहमी नळाकडे. हात पाण्याखाली धरून उभी राहायची आणि गर्दी ओसरली की बहुतेक वेळा स्वतःच परत यायची. मध्येच कोणी पकडून आणलं तर तिला ऑफिसात बसवून बिस्किट दिलं जायचं. म्हणजे पळाल्यावर गोंगाट संपत होता, पाणी मिळत होतं, कधी शांत खोली आणि बिस्किटही. तिच्या बाजूनं पाहिलं तर पळणं हा त्या परिस्थितीवरचा अगदी योग्य उपाय होता, आणि ‘मला बाहेर जाऊ द्या’ असं सांगायला दुसरं साधन तिच्याकडे नव्हतं.

जेवणाचंही तसंच. शाळेत पाव-भाजी असली की ती ताट ढकलून द्यायची. घरी पाव ती आवडीनं खाते, पण कोरडा. भाजी पावाला लागून तो ओला झाला की हात लावत नाही. ‘जेवत नाही’ या नोंदीमागे एवढंच होतं.

भाषेचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. आधीच्या अहवालात ‘एका टप्प्याची सूचनाही पाळत नाही’ असं लिहिलं होतं. ती चाचणी हिंदी आणि इंग्रजीत झाली होती. घरच्या मराठीत “पिशवी घे आणि आजीला दे” म्हटल्यावर तिनं दोन्ही टप्पे पुरे केले, आजीनं कोकणीत सांगितलेलं तर त्याहून लवकर. समजण्याच्या बाबीचे गुण त्यामुळे वर गेले.

घरी मात्र उलटा प्रकार दिसला. सकाळी आईला साडेसातची बस गाठायची असते, म्हणून कपडे पूर्णपणे आई घालायची आणि पेज आजी भरवायची. जे सायलीला येत होतं, ते करायला तिला वेळच मिळत नव्हता. आणि एक चांगली गोष्ट दिसली, जी कुठल्याच अहवालात नव्हती. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा हॉर्न वाजला की ती हातातलं सगळं टाकून पिशवी घेऊन दारात जाऊन उभी राहायची. आवाज ओळखणं, त्याचा अर्थ लावणं, वस्तू आणणं, वाट बघणं, अनोळखी नसलेल्या बाहेरच्या माणसासमोर उभं राहणं हे सगळं त्यात आलं.

पर्याय

पहिला पर्याय विशेष शाळेचा. तो मी हलका मानत नाही. तिथे प्रशिक्षित शिक्षक, कमी मुलं, शांत जागा असते. पण रोजचा प्रवास लांबचा होता आणि गावातली मुलं तुटली असती. शिवाय ज्या दोन कारणांसाठी शाळा बदलायची, ती दोन्ही कारणं जागेची आणि सोयीची निघाली होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती कुटुंबाची, हे आईबाबांना आणि शाळेला दोघांनाही सांगितलं.

दुसरा पर्याय बाबांचा: आठवड्यातून चार वेळा स्पीच थेरपी. आईची आणखी मजुरी गेली असती आणि शाळेतल्या दोन्ही अडचणी तशाच राहिल्या असत्या. पण बाबांची इच्छा डावलून पुढे गेलो असतो तर घरातून साथ मिळाली नसती. त्यामुळे स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा चालू ठेवायची आणि तिचा रोख बदलायचा, असं स्पीच थेरपिस्टांशी बोलून ठरवलं. चित्रांची नावं म्हणून घेण्याऐवजी हवी ती वस्तू मागायला, नको म्हणायला, बाहेर जायचं सांगायला शिकवायचं.

तिसरा पर्याय निवडला: दिवाळीपर्यंत शाळेत आणि घरात काम करायचं, मग बसून पुन्हा ठरवायचं. शाळेनं तेवढी मुदत दिली. मुख्याध्यापिकेला ‘सगळ्या प्रकारे सामावून घ्या’ असं मोघम सांगितलं असतं तर ती मिळाली नसती. मी चार ठोस गोष्टींचा कागद नेला होता आणि त्यातल्या तीन गोष्टींना एक पैसाही लागत नव्हता.

काय केलं

शौचालयाला जाण्याची वेळ सुट्टीच्या दहा मिनिटं आधी ठरवली, तेव्हा तिथे कोणी नसतं. मदतनीस बाई दाराशी उभ्या राहायच्या, दार अर्धं उघडं, बादली आधीच भरलेली. जोराच्या पावसात पर्याय म्हणून शिक्षकांचं आतलं शौचालय. कान झाकण्याचे हेडफोन देऊन पाहिले, ते तिनं काढून फेकले, म्हणून तो नाद सोडला. स्कर्टचा हूक काढून गावातल्या शिंप्याकडून इलॅस्टिक घालून घेतलं.

आहाराच्या वेळी ती रांगेत उभी न राहता दाराजवळच्या जागी बसते, ताट आधी मिळतं, भाजी वेगळ्या वाटीत. नळाच्या फोटोचं एक कार्ड तिच्या बाकाला बांधलं. कार्ड बाईंच्या हातात दिलं की नळावर जायला परवानगी, दर वेळी, लगेच. सुरुवातीला बाईंना शंका होती, “असं केलं तर ती दिवसभर कार्डच देत बसेल.” पहिले काही दिवस तिनं खरोखरच भराभर कार्ड दिलं. तरीही आम्ही प्रत्येक वेळी तिला जाऊ दिलं. कार्ड दिलं की खात्रीनं जाता येतं हे पटल्याशिवाय मूल पळणं सोडत नाही. कार्ड न देता पळाली तर आणायचं, पण ऑफिस आणि बिस्किट बंद.

घरी कपड्यांचा सराव सकाळवरून रात्रीवर नेला. रात्री बस गाठायची नसते. शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली: चड्डी गुडघ्यांपर्यंत आई चढवेल, पुढची सायली ओढेल, ते जमलं की घोट्यांपासून. अशानं काम पुरं केल्याचा आनंद प्रत्येक वेळी तिच्याच वाट्याला येतो.

भरवण्यावरून आजीशी बोलणं सोपं नव्हतं. “माझ्या हातानं दोन घास खाल्ले तर काय बिघडलं गो?” असं त्यांनी विचारलं. मला त्यात चूक दिसली नाही. नातीला भरवणं हे त्यांचं प्रेम करणं होतं. म्हणून सकाळची पेज सायली स्वतः खाईल आणि रात्रीचं शीत-कढी (भात-कालवण) आजीच्या हातून, अशी वाटणी केली. शिवाय पोदेराचं काम आजीकडे दिलं: सायलीनं पिशवी घ्यायची, पैसे द्यायचे, उंडे (गोल पाव) मोजून घ्यायचे, आणि ‘पाव’ म्हणेपर्यंत किंवा कार्ड दाखवेपर्यंत पोदेरानं थांबायचं. पोदेर आनंदानं तयार झाला.

प्रगती मोजायला प्रत्येक उद्दिष्टाची −२ ते +२ अशी पाच पायऱ्यांची पट्टी आधीच लिहून ठेवली. ० म्हणजे अपेक्षेइतकं, −२ म्हणजे सुरुवातीची स्थिती. पट्टी आईसमोर आणि बाईंसमोर बसून लिहिली, त्यामुळे नंतर ‘सुधारणा झाली की नाही’ यावर वाद झाला नाही.

परिणाम

दिवाळीच्या सुमारास शाळेत कपडे ओले होणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं होतं. त्या उद्दिष्टावर ०, म्हणजे ठरवलं तेवढं. जेवणावर +१, वेगळ्या वाटीतली भाजी ती आता बोटानं चाखते. पळणं −१वरच राहिलं. ऑगस्टअखेर ते बरंच कमी झालं होतं, पण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत दिनक्रम मोडला आणि शाळा पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यासारखंच होऊ लागलं. कार्ड पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं, फक्त या वेळी ते लवकर बसलं.

कपडे ती रात्री बहुतेक स्वतः घालते, सकाळी अजून आईच घालते. सीओपीएममध्ये आईचे शाळेतल्या शौचाबद्दलचे गुण २वरून ७वर गेले. या पद्धतीत दोन गुणांचा फरकही दखल घेण्याजोगा मानतात. बोलण्यावर बाबांचे गुण २वरून ३ झाले, एवढेच. सायली चार-पाच शब्द वेळेवर वापरते आणि कार्डांनी मागते. बाबा समाधानी नाहीत, आणि त्यांचं असमाधान मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं आहे. शाळेनं विशेष शाळेचा विषय पुन्हा काढला नाही. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेतल्या विशेष शिक्षिका आता अधूनमधून वर्गात येतात.

वेगळं काय करता येईल

मूल्यमापन पावसाळ्यात झालं म्हणून पत्र्याचा आवाज सापडला. एप्रिलमध्ये झालं असतं तर शौचालयाची अडचण दिसलीच नसती आणि कारण मुलीतच शोधलं गेलं असतं. गोव्यात चार महिने पावसाचे असतात. शाळेतल्या मुलाचं निरीक्षण एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात व्हावं. उन्हाळ्यात भेट झालीच तर छप्पर कशाचं आहे, एवढं तरी बघून ठेवावं.

चवथीच्या सुट्टीचा आराखडा आधी करता येतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरत्या, घुमट वाद्याचा आवाज, फटाके, जेवणाच्या वेळा बदललेल्या. त्या दिवसांत शाळेचं कार्ड घरी नेलं आणि शांत बसायला एक खोली ठरवून ठेवली, तर परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी हेच करणार आहोत.

बाबांना मूल्यमापनात लवकर घ्यायला हवं. त्यांच्या पाळ्यांमुळे बहुतेक बोलणं आईशीच होतं. घरचे छोटे व्हिडिओ आईनं फोनवर काढून पाठवले होते, पण ते बाबांबरोबर बसून पाहिले गेले नाहीत. दोन टप्प्यांची सूचना सायली कशी पाळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असतं तर कदाचित बोलण्यापलीकडची तिची समज त्यांनाही दिसली असती.

जूनमध्ये सायली तिसरीत जाईल आणि वर्गशिक्षिका बदलतील. मार्चमध्येच एका पानाचा कागद तयार करायचा आहे: तिला काय येतं, कुठे येतं, कशानं अडतं, कार्ड कुठे बांधायचं, भाजी कशी वाढायची. तो नव्या बाईंना आणि मदतनीस बाईंना सायलीची आईच समजावून सांगणार आहे. पाळीच्या तयारीचं शिक्षणही या वर्षीच सुरू करायचं आहे, आधी पॅड हातात घेण्यापासून आणि ते चड्डीला लावण्यापासून, रात्रीच्या कपड्यांच्या सरावाच्या वेळीच.